प्रस्तावना : पॅरामीटर जिथे जॉइनला भेटतो

सातबाऱ्याचा उतारा हा मुळात दोन नोंदवह्यांचा जोड. गाव नमुना ७ मध्ये जमीन कोणाच्या नावावर आहे, क्षेत्र किती, बोजा कोणाचा हे असते. गाव नमुना १२ मध्ये त्या जमिनीत कोणत्या वर्षी, कोणत्या हंगामात काय पिकले हे असते. दोन्हींना बांधतो तो गट क्रमांक. तलाठ्याकडे गेलेला माणूस गाव सांगतो, गट क्रमांक सांगतो आणि दोन्ही नमुने एका कागदावर घेऊन बाहेर पडतो. त्याला ठाऊक नसते, पण त्याने दोन पॅरामीटर दिलेले असतात आणि एक जॉइन करून घेतलेला असतो.

या पुस्तकातला सगळा सराव याच नमुन्यांवर बेतला आहे. इतर पुस्तकांतले ग्राहक, त्यांच्या ऑर्डरी आणि सायकलींचे सुटे भाग यांच्याशी माझे काही वैर नाही. पण गटाचे पोटहिस्से, एका गटाचे चार खातेदार आणि एका वर्षात दोन पिके या भानगडी आपल्याकडच्या विद्यार्थ्याला घरूनच माहीत असतात, आणि जॉइन करताना माणूस आपटतो तो नेमका असल्याच भानगडींवर. सरकारी संगणकांच्या पोटात कोणती रचना आहे याच्याशी मात्र आमचा संबंध नाही. नमुने तेवढे उसने घेतले, टेबले आमची.

एसक्यूएल शिकवायची रूढ पद्धत अशी की जॉइन एका प्रकरणात, स्टोअर्ड प्रोसिजर (थोडक्यात एसपी) दहा प्रकरणे सोडून पुढे, आणि पॅरामीटर त्या प्रोसिजरच्या प्रकरणात दीड पान. परीक्षेला एवढे पुरते. नोकरीत पुरत नाही. तिथे 'एसपी स्लो चालतेय' किंवा 'रिपोर्टमधला आकडा चुकतोय' अशी तक्रार येते, तेव्हा दोष एकट्या जॉइनमध्ये सापडत नाही आणि एकट्या पॅरामीटरमध्येही नाही. तो असतो दोघांच्या सांध्यात. पॅरामीटरची किंमत जॉइनमध्ये किती ओळी शिरणार ते ठरवते, त्याचा टाइप इंडेक्स वापरला जाणार की नाही ते ठरवतो, आणि तो 'ऑन'मध्ये लिहिला की 'व्हेअर'मध्ये यावर उत्तराचा अर्थ बदलतो. हे पुस्तक त्या सांध्याविषयी आहे.

जॉइनची गोष्ट १९७० पासून सुरू होते. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतल्या एडगर कॉड यांनी त्या वर्षी जूनमध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. मोठ्या, सामायिक माहितीसाठ्यांसाठी रिलेशनल रचना कशी असावी, हा त्याचा विषय. त्याआधीच्या व्यवस्थांत, मग ते आयबीएमचे आयएमएस असो वा कोडासिल घराण्यातले नेटवर्क डेटाबेस, एका नोंदीपासून दुसरीकडे जायचे तर आधीच बांधून ठेवलेल्या वाटेनेच जावे लागे. वाट नसेल तर प्रश्नही विचारता येत नसे. चार्ल्स बाखमन यांनी १९७३ च्या आपल्या ट्युरिंग व्याख्यानात प्रोग्रामरला दर्यावर्दी म्हटले ते याच अर्थाने, आणि कौतुकाने. कॉड यांचे म्हणणे वेगळे होते. वाटा बांधूच नका. दोन टेबलांत जी किंमत समान आहे तिच्या आधारे, प्रश्न विचारला जाईल त्या क्षणी, त्यांना जोडा. १९७४ मध्ये ॲन आर्बर येथे दोन्ही पक्षांचा जाहीर वाद झाला. कोण जिंकले हे सांगायला आज इतिहासकार लागत नाही. कॉड यांना १९८१ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

त्याच १९७४ साली डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी 'सीक्वल' ही भाषा मांडली. बॉइस त्याच वर्षी अकाली गेले. पुढे त्या नावावर एका ब्रिटिश विमान कंपनीचा व्यापारी हक्क निघाला म्हणून ते आखडून एसक्यूएल झाले. बर्कलीला मायकेल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग यांचा इंग्रेस प्रकल्प क्वेल नावाची वेगळी भाषा घेऊन चालत होता. अनेक जाणकारांच्या मते क्वेल जास्त नेटकी होती. बाजाराने एसक्यूएल उचलली.

पण नुसती भाषा असून भागत नव्हते. 'काय हवे' ते लिहायचे आणि 'कसे आणायचे' ते यंत्रावर सोडायचे, तर यंत्राला तेवढी अक्कल हवी. दहा टेबले एकामागून एक जोडायची झाली तरी त्यांचे क्रम ३६,२८,८०० होतात, आणि प्रत्येक पायरीला जोडण्याच्या रीती पुन्हा वेगळ्या. आयबीएमच्याच सिस्टिम आर प्रकल्पातल्या पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की टेबलांची आकडेवारी जवळ ठेवून प्रत्येक वाटेचा खर्च अंदाजाने काढता येतो आणि त्यातली स्वस्त वाट निवडता येते. आजचे बहुतेक ऑप्टिमायझर याच कामाचे वंशज आहेत. जोडण्याच्या रीतीही मुख्यतः तीनच. एका टेबलातली एकेक ओळ घेऊन दुसऱ्यात शोधत जाणारा नेस्टेड लूप, दोन्हीकडच्या ओळी आधी क्रमाने लावून शेजारी शेजारी वाचणारा मर्ज, आणि एका बाजूचा तक्ता मेमरीत बांधून दुसरी बाजू त्यावर तपासणारा हॅश. मायएसक्यूएलमध्ये हॅश जॉइन यायला २०१९ उजाडले, हे आठवले की त्याआधीच्या मायएसक्यूएल प्रोग्रामरांच्या काही सवयींचा उलगडा होतो. या तिन्हींची नावे पाठ करण्यापेक्षा एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी : कोणती रीत स्वस्त पडेल हे ओळींच्या संख्येवर ठरते, आणि प्रोसिजरमध्ये ती संख्या पॅरामीटर ठरवतो.

आता स्टोअर्ड प्रोसिजर. १९८० च्या दशकात क्लायंट-सर्व्हरची पद्धत आली आणि टेबलावरच्या संगणकातून दूरच्या सर्व्हरकडे दर वेळी लांबलचक क्वेरी पाठवणे जड होऊ लागले. सायबेसने १९८७ मध्ये आणलेल्या सर्व्हरमध्ये क्वेरींचा संच नाव देऊन सर्व्हरवरच साठवता येई. क्लायंटने फक्त ते नाव आणि चार किमती पाठवायच्या. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर याच बीजातून १९८९ मध्ये आला. ट्रान्झॅक्ट-एसक्यूएल ही दोघांची सामायिक बोली. ओरॅकलने आपली पीएल/एसक्यूएल 'एडा' भाषेच्या वळणावर घडवली आणि १९९२ च्या सातव्या आवृत्तीत प्रोसिजर डेटाबेसमध्ये साठवण्याची सोय दिली. या सगळ्यासाठी प्रमाण ठरवून मिळाले ते १९९६ मध्ये, तोवर प्रत्येकाची बोली घट्ट झाली होती. आयबीएमचे डीबी२ आणि २००५ मध्ये या पंक्तीला बसलेले मायएसक्यूएल त्या प्रमाणाच्या बरेच जवळ आहेत. पोस्टग्रेसमध्ये फंक्शने फार पूर्वीपासून होती, पण 'क्रिएट प्रोसिजर' २०१८ च्या अकराव्या आवृत्तीपर्यंत नव्हते.

या बोलीभेदाचा फटका सर्वांत आधी पॅरामीटरला बसतो. ट्रान्झॅक्ट-एसक्यूएलमध्ये पॅरामीटरच्या नावाआधी ॲटचे चिन्ह सक्तीचे असते, म्हणून तो कॉलमपासून वेगळा ओळखू येतो. ओरॅकल आणि मायएसक्यूएलमध्ये तशी सक्ती नाही. कोणी पॅरामीटरला 'गट_क्रमांक' म्हटले, कॉलमचेही नाव तेच असले, आणि 'डिलीट' करताना 'व्हेअर गट_क्रमांक = गट_क्रमांक' असे लिहिले, तर मायएसक्यूएल दोन्ही बाजूंना पॅरामीटरच समजतो आणि ओरॅकल दोन्ही बाजूंना कॉलम. समज उलट, परिणाम एकच. अट प्रत्येक ओळीला खरी ठरते आणि टेबल साफ होते. पोस्टग्रेस अशा वेळी संदिग्धतेची चूक दाखवून थांबतो, जे मला सगळ्यांत शहाणपणाचे वाटते. जुने लोक पॅरामीटरच्या नावाला पुढे 'पी' जोडतात ती फॅशन म्हणून नाही.

प्रोसिजर वापराव्यात की नाही यावर या क्षेत्रात दोन तट आहेत आणि त्यांचे भांडण जुने आहे. पहिल्या तटाचे म्हणणे, टेबलांना कोणी थेट हात लावूच नये. बाहेरच्या जगाला फक्त प्रोसिजर चालवण्याची परवानगी द्यावी, नियम एका जागी राहतील. आपल्या महसुली व्यवहारात नमुना ७ वर कोणी परस्पर खाडाखोड करत नाही, फेरफाराची नोंद होते, ती प्रमाणित होते आणि मगच नाव बदलते. त्याच धर्तीचा हा विचार. बँका, विमा कंपन्या आणि ओरॅकलवर वाढलेली मंडळी बहुधा या तटावर. दुसरा तट २००० नंतर फोफावला. जावावाल्यांचे हायबरनेट २००१ चे, रुबीवाल्यांचे रेल्स २००४ चे. त्यांच्या मते डेटाबेस हे कोठार. विचार ॲप्लिकेशनच्या कोडमध्ये असावा, तिथे त्याची चाचणी घेता येते, जुन्या आवृत्त्या जपता येतात, आणि डेटाबेसचा विक्रेता बदलला तरी घर मोडत नाही. दोघांचेही बोलणे निम्मे खरे आहे. प्रोसिजरमध्ये कोंबलेला व्यवसायाचा नियम खरोखरच तपासायला अवघड जातो. आणि दहा हजार ओळी नेटवर्कवरून ओढून ॲप्लिकेशनमध्ये लूप लावून जोडणारा कोड खरोखरच लाजिरवाणा असतो. माझा कौल विचाराल तर जोडणे, गाळणे आणि बेरीज करणे डेटाबेसकडे ठेवावे, बाकीचे बाहेर. पण हे पुस्तक त्या वादात तुम्हाला आपल्या बाजूला ओढण्यासाठी लिहिलेले नाही. दुसऱ्या तटावरची हत्यारेसुद्धा शेवटी पॅरामीटर असलेल्या जॉइन क्वेरीच सर्व्हरकडे पाठवतात. त्यामुळे पुढची बहुतेक पाने त्यांनाही लागू पडतात.

वर सांध्याचा उल्लेख केला, तो आता जरा जवळून पाहू. गावाचा पीक अहवाल देणारी एक प्रोसिजर घ्या. पॅरामीटर दोन, गाव आणि वर्ष. नमुना ७ ला नमुना १२ लेफ्ट जॉइनने जोडला, कारण ज्या गटाची त्या वर्षी पीक पाहणीच झाली नाही तोही यादीत दिसायला हवा. जोड गट क्रमांकावर. आणि मग, अगदी स्वाभाविकपणे, 'व्हेअर'मध्ये अट घातली की नमुना १२ मधले वर्ष पॅरामीटरमधल्या वर्षाएवढे असावे. प्रोसिजर चालते, अहवाल येतो, कुठे लाल अक्षर दिसत नाही. फक्त पीक पाहणी न झालेले सगळे गट गायब. ज्यांच्यासमोर दुसऱ्या वर्षांच्या ओळी होत्या त्या अटीत गळल्या, आणि ज्यांची नमुना १२ मध्ये एकही ओळ नव्हती त्यांच्यासमोर लेफ्ट जॉइनने वर्षाच्या जागी नल ठेवला होता; नल ना समान असतो ना असमान, त्याची तुलना 'अज्ञात' ठरते, आणि 'व्हेअर' अज्ञाताला दारातूनच परत पाठवते. नाव लेफ्ट जॉइनचे, काम इनर जॉइनचे. तीच अट उचलून 'ऑन'मध्ये ठेवली की गट परत येतात. गावाची अट मात्र 'व्हेअर'मध्येच हवी, कारण ती डावीकडच्या टेबलाची आहे. ती 'ऑन'मध्ये गेली तर राज्यातले सगळे गट यादीत उतरतील.

या एका गोष्टीमागे बराच इतिहास आहे. नल आणि आउटर जॉइन यांची मांडणी कॉड यांनी १९७९ च्या निबंधात केली. डेटाबेसवर लिहिणारे क्रिस डेट यांनी नलला सातत्याने विरोध केला आणि त्यांचे युक्तिवाद आजही वाचण्याजोगे आहेत. आउटर जॉइन लिहायची प्रमाण रीत मात्र १९९२ च्या एसक्यूएलमध्ये ठरली. तोवर सायबेसची मंडळी तारांकित बरोबरचे चिन्ह वापरत आणि ओरॅकलची मंडळी कंसातले अधिक चिन्ह. सायबेसच्या चिन्हात गाळणी आधी की जोड आधी याची संदिग्धता राहून जाई. ओरॅकलमध्ये ते अधिक चिन्ह जोडाच्या अटीवरच नव्हे तर पॅरामीटरच्या अटीवरही द्यावे लागते. एका ठिकाणी राहिले की वर सांगितलेलीच चूक. ओरॅकलने प्रमाण रीत २००१ च्या सुमारास नवव्या आवृत्तीत स्वीकारली, आणि अधिक चिन्हांचा कोड आजही हजारो फायलींत जिवंत आहे. तो नव्या रीतीत उतरवणाऱ्याने प्रत्येक अट 'ऑन'मधली की 'व्हेअर'मधली हे स्वतः ठरवावे लागते. यांत्रिक बदल इथे दगा देतो.

त्याच अहवालात क्षेत्राची बेरीज मागा. खरिपात सोयाबीन आणि रब्बीत हरभरा घेतलेल्या गटाच्या नमुना १२ मध्ये दोन ओळी असतात. जोडल्यावर नमुना ७ मधले क्षेत्र दोनदा छापले जाते आणि बेरजेत दोनदा मोजले जाते. दोन हेक्टरचे चार होतात. गटाला तीन खातेदार असून तेही टेबल जोडले असेल तर बारा. इथे कोणी 'डिस्टिंक्ट' लावून मोकळे होते. मग शेजारच्या गटाचे क्षेत्र योगायोगाने तेवढेच असेल तर तो गट बेरजेतून उडतो. हंगामाचा पॅरामीटर दिला की चूक लपते, न दिला की उघडी पडते. चाचणी करणाऱ्याने 'खरीप' देऊन पाहिले आणि बरोबर म्हणून सही केली, असे याच कारणाने होते.

पॅरामीटरचा टाइप हा तसा कंटाळवाणा विषय, पण त्यातली एक खोड सांगतोच. एसक्यूएल सर्व्हरमध्ये पॅरामीटर नुसता 'व्हारकॅर' म्हणून लिहिला आणि लांबी द्यायची राहिली, तर लांबी एक अक्षर धरली जाते. गट क्रमांक '१२३/२' पाठवला की आत पोचतो '१'. चूक दाखवली जात नाही, कापल्याची सूचना येत नाही; गट क्रमांक १ च्या मालकाचे नाव ऐटीत समोर येते. उलट कोणी गट क्रमांकाचा पॅरामीटर पूर्णांक ठेवला, तर सर्व्हर पॅरामीटर न बदलता अख्खा कॉलम पूर्णांकात बदलायला जातो, इंडेक्सचा उपयोग जातो, आणि पहिला तिरकस रेघेचा गट लागला की क्वेरी कोसळते.

मराठी माहिती साठवणाऱ्यांना याच घरातल्या आणखी दोन अडचणी येतात, आणि त्या बाहेरच्या पुस्तकांत सापडत नाहीत. पहिली, पॅरामीटर 'एनव्हारकॅर' नसेल आणि यूटीएफ-८ चे कोलेशनही नसेल, तर देवनागरी नाव आत जाताना प्रश्नचिन्हांची रांग होते. साठलेली प्रश्नचिन्हे पुन्हा नाव होत नाहीत. दुसरी जास्त छुपी आहे. 'कऱ्हाड' मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. एका टेबलात एका कीबोर्डने टंकलेले आणि दुसऱ्यात दुसऱ्याने, अशी गावांची नावे बाइटशः तुलना करणाऱ्या कोलेशनमध्ये जोडली तर ओळ जुळतच नाही, आणि डोळ्यांनी बघून कारण सापडत नाही. 'कराड' लिहिणारे तर वेगळेच. म्हणून जॉइन नावांवर करू नये, सांकेतिक क्रमांकांवर करावा, हा नियम आपल्याकडे इतरांपेक्षा दुप्पट खरा आहे.

आता ज्या प्रश्नासाठी अनेक जण हे पुस्तक उघडतील त्याकडे वळतो. तीच प्रोसिजर, तोच सर्व्हर. काल दोन सेकंद लागत होते, आज दोन मिनिटे. कोडला कोणी हात लावलेला नाही. याला पॅरामीटर स्निफिंग म्हणतात. प्रोसिजर पहिल्यांदा चालते तेव्हा ऑप्टिमायझर त्या वेळी आलेल्या किमती हुंगतो, त्यांच्या अंदाजाने प्लॅन बनवतो आणि तो जपून ठेवतो. समजा सकाळी पहिला अहवाल चाळीस गटांच्या वाडीचा निघाला. चाळीस ओळींसाठी नेस्टेड लूप उत्तम. इंडेक्समधून एकेक गट शोधायचा, एकेकदा नमुना १२ मध्ये डोकवायचे, झाले. थोड्या वेळाने शहराला लागून वाढलेल्या, अकरा हजार पोटहिश्श्यांच्या गावाचा अहवाल मागितला गेला. प्लॅन मात्र वाडीचाच. तिथे अकरा हजार वेळा डोकावले जाते, आणि क्रम लावायला चाळीस ओळींच्या हिशेबाने घेतलेली मेमरी अपुरी पडून काम डिस्कवर सांडते. सर्व्हर पुन्हा सुरू झाला किंवा आकडेवारी ताजी झाली की प्लॅन नव्याने बनतो, आणि त्या वेळी मोठे गाव आधी आले तर दिवस बरा जातो. दिवसभराचा वेग पहिल्या फोनवर ठरतो म्हणा ना.

वैताग असा की तपासायला बसलेला माणूस एसक्यूएल सर्व्हरच्या मॅनेजमेंट स्टुडिओत तीच प्रोसिजर त्याच किमती देऊन चालवतो तेव्हा ती झटक्यात संपते. 'माझ्याकडे तर फास्ट चालतेय' हे वाक्य इथे जन्मते. कारण क्षुल्लक आहे : स्टुडिओची आणि ॲप्लिकेशनची जोडणी करतानाची एक सेटिंग मुळातच वेगळी असते, म्हणून सर्व्हर दोघांसाठी वेगळे प्लॅन जपतो. ॲप्लिकेशनच्या वाट्याला जुना, वाडीचा. स्टुडिओच्या वाट्याला ताजा. स्वीडनचे एसक्यूएल सर्व्हर तज्ज्ञ अर्लंड सोमरस्कॉग यांनी या एका कोड्यावर छोट्या पुस्तकाएवढे लेखन केले आहे आणि माझ्या पिढीतल्या पुष्कळांनी हा विषय त्यांच्याकडूनच शिकला.

उपाय अनेक आहेत आणि एकही फुकट नाही. दर वेळी नवा प्लॅन बनवायला लावा, तर प्रोसेसर खर्ची पडतो. कोणतीच किंमत न हुंगता सरासरी प्लॅन घ्या, तर तो कोणालाच धड बसत नाही. ओरॅकलने नवव्या आवृत्तीत हुंगणे सुरू केले आणि अकराव्या आवृत्तीत किमतींच्या गटांनुसार वेगवेगळे प्लॅन जपण्याची युक्ती आणली. एसक्यूएल सर्व्हरमध्ये तसली सोय २०२२ च्या आवृत्तीत आली. पोस्टग्रेस पहिल्या पाच वेळा त्या त्या किमतीचा प्लॅन बनवतो आणि मग सर्वसाधारण प्लॅन परवडतो का ते ताडून बघतो. पुस्तकातला सर्वांत मोठा भाग या प्रश्नाला दिला आहे. त्यात माझा आग्रह एवढाच की 'रिकंपाइल' लिहून सुटका करून घेण्याआधी जॉइनच्या दोन्ही बाजूंना योग्य इंडेक्स आहे का ते पाहावे. बऱ्याचदा पुरेसा चांगला इंडेक्स असला की वाडी आणि शहर दोघांनाही एकच प्लॅन चालतो.

ऐच्छिक पॅरामीटर हे याच दुखण्याचे भावंड. 'हंगाम दिला तर तो, न दिला तर सगळे' असा शोधाचा फॉर्म प्रत्येक कचेरीत असतो, आणि तो सहसा 'किंवा पॅरामीटर नल असेल' अशा अटींची माळ लावून लिहिला जातो. आठ रिकाम्या चौकटींसाठी एकच प्लॅन, म्हणजे तो वाईट असणारच. मग लोक क्वेरीचा मजकूर तुकड्यातुकड्यांनी जोडून चालवू लागतात आणि तिथे सुरक्षेचा प्रश्न उभा राहतो. गोव्यातल्या किंवा वसईतल्या डिसोझांना विचारा. रोमन लिपीत त्यांच्या नावात 'डी'नंतर एक लहानसा अवतरणाचा ठिपका येतो. नाव क्वेरीच्या मजकुरात थेट चिकटवले की त्या ठिपक्यावर मजकूर बंद होतो आणि उरलेले नाव आज्ञा म्हणून वाचले जाते. सज्जन डिसोझांचा अर्ज ज्या फटीत अडकतो, हल्लेखोर त्याच फटीतून आत शिरतो. पॅरामीटर म्हणून आलेली किंमत किंमतच राहते, कधी आज्ञा होत नाही, हा त्याचा खरा गुण. प्रोसिजर लिहिली म्हणजे सुरक्षित झालो हा मात्र गैरसमज. आतमध्ये मजकूर चिकटवून चालवला तर फट तीच, फक्त एक खोली आत.

हे सगळे आत्ताच का? पुणे, हिंजवडी, ऐरोली, ठाणे इथल्या कितीतरी मराठी मुलामुलींचे रोजचे काम नवे लिहिण्याचे नसून वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या प्रोसिजर सांभाळण्याचे आहे. परवान्यांचा खर्च टाळण्यासाठी कंपन्या ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हरवरून पोस्टग्रेसकडे निघाल्या आहेत, आणि त्या स्थलांतरात सर्वांत चिवट गाठोडे प्रोसिजरचेच असते. क्लाउडवर वाया गेलेल्या प्रोसेसरचे बिल महिनाअखेरीस छापून येते; पूर्वी तो खर्च सर्व्हर-रूममधल्या गरम हवेत विरून जाई. आणि कोड लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता दहा टेबलांचा जॉइन चुटकीसरशी लिहून देतात. वाक्यरचना निर्दोष असते. वर्षाची अट 'ऑन'मध्ये हवी होती की 'व्हेअर'मध्ये, हे त्यांना सांगायला पीक पाहणी न झालेले गट अहवालात हवेत की नकोत हे माहीत असलेला माणूस लागतो.

पुस्तकाचा मुख्य आधार एसक्यूएल सर्व्हर आहे, कारण आपल्याकडच्या कचेऱ्यांत आणि महाविद्यालयांत तो मुबलक आढळतो आणि शिकण्यासाठी त्याची आवृत्ती विनामूल्य मिळते. मायएसक्यूएल, ओरॅकल आणि पोस्टग्रेस जिथे वेगळे वागतात तिथे समासात तसे नोंदवले आहे. साधी 'सिलेक्ट' येत असावी एवढीच अपेक्षा. ट्रिगर जवळजवळ नाहीत. कर्सर मुद्दाम नाहीत : जॉइन नीट समजला की दहातले नऊ कर्सर लागत नाहीत, आणि दहाव्यासाठी दुसरी पुस्तके आहेत. याद्या पाठवण्यासाठीचे टेबलरूपी पॅरामीटर मात्र सविस्तर घेतले आहेत, कारण २००८ पासून ती सोय हाताशी असूनही स्वल्पविरामांनी जोडलेल्या लांबलचक मजकुराची सवय अजून सुटलेली नाही.

प्रत्येक भागात आधी चालणारी पण चुकीची प्रोसिजर दिली आहे, मग तिचे उत्तर, मग तिचा प्लॅन. तिची चूक पुढच्या पानावर सांगितली आहे. पान उलटण्याआधी टेबले भरून ती स्वतः चालवून पाहावी. विद्यार्थ्यांनी भाग क्रमाने वाचावेत. ज्याच्या एसपीने आजच प्रॉडक्शनमध्ये टाइमआउट दिला आहे त्याने सरळ पाचव्या भागाकडे वळावे. पहिले चार तो प्रश्न सुटल्यावर वाचले तरी चालतील.